मेव्हण्याची जाड दोरी

"ही दोरी कपडे वाळत घालायला घे. मासे धरायला नको," असं म्हणत अर्विड टॉर्केल्सनने मेव्हण्याच्या हातातली गुंडाळी काढून घेतली. लहान पोराच्या हातातून कात्री काढून घ्यावी, तशी.

टोइवोने त्याच खुंटीवरची दुसरी गुंडाळी काढली. तीही तसलीच, जाड, पिवळीधमक, वीस पौंडांची ओढ सोसणारी नायलॉनची.

"मार्लिस, तू याला हे विकतेस?" अर्विड गल्ल्यामागच्या बाईकडे वळला. "उद्या बेडकाला चष्मा विकशील."

"घेऊ दे ना त्याला काय हवंय ते," मार्लिस म्हणाली. ती या दोघांना शाळेपासून ओळखत होती आणि त्यातल्या एकाला ओळखत नसती तर बरं झालं असतं, असं तिचं मत होतं.

"घेऊ दे कसं? जिवंत आमिष असतं तर गोष्ट वेगळी. वास येतो, मासा डोळे मिटून गिळतो. आपण लाकडाचा मासा टाकणार. तो खरा आहे असं त्या बास माशाला पटवायचंय, आणि तेही काचेसारख्या पाण्यात. नाकाला पिवळा दोर बांधून पोहणारा मासा पाहिलायस कधी?" त्याने वरच्या खुंटीवरची हिरवी, केसासारखी बारीक विणलेली दोरी काढून टोइवोच्या नाकासमोर नाचवली. "ही बघ. तसूभर ताणत नाही. माशाने नुसता श्वास सोडला तरी बोटाला कळतं. हिच्या टोकाला वावभर ती बिनरंगी जोडायची, पाण्यात दिसत नाही ती. झालं. फार अक्कल लागत नाही, पण थोडी लागते."

"दोन गाठी माराव्या लागतात," टोइवो हळूच म्हणाला.

"दोन! अरे बापरे. मग रविवारी चर्चमध्ये प्रार्थना सांगूया तुझ्यासाठी."

मार्लिसने एक बारीकशी तारेची अडकवणी पुढे सरकवली. "ही घे, टोइवो. दोरीला एकदाच बांधायची. मग खोटे मासे नुसते अडकवायचे न् काढायचे."

"सेफ्टी पिन!" अर्विड हसला. "पोराच्या लंगोटाला लावायची. उन्हाळ्यात शहरातून पाहुणे येतात ना, ते लावतात असलं काही."

टोइवोने ती अडकवणी बोटाने परत सरकवली आणि पिवळी गुंडाळी तेवढी घेतली.

अर्विडने कागदाच्या गिरणीत जन्मभर पंप दुरुस्त केले. पंप बिघडला की त्यात काय बिघडलंय ते सापडतं. माणसांत मात्र त्याला सगळंच बिघडलेलं दिसे. फोरमन गाढव, पाद्री ढोंगी, डॉक्टर म्हणजे टाय लावलेला गोळ्या विकणारा. त्याची बायको एकदा दूलूथ शहरात बहिणीकडे गेली ती गेलीच. तिच्याबद्दल कोणी विचारलं तर तो म्हणे, "तिला तिकडचा वाणी आवडतो." तिला काय आवडत नव्हतं, हे गावाला ठाऊक होतं.

टोइवो निएमी हा त्याच्या धाकट्या बहिणीचा, सिग्नेचा नवरा. शाळेची बस चालवणारा, रस्त्यात खार आडवी आली तर ती झाडावर चढेपर्यंत थांबणारा. लग्नाच्या दिवशी चर्चच्या पायरीवर अर्विडने बहिणीला विचारलं होतं, "सगळ्या मिनेसोटातले पुरुष संपले होते का गं?" टोइवोने ते ऐकलं होतं आणि हसून टोपी सारखी केली होती.

सिग्ने वारली त्यानंतरच्या वसंतात टोइवो एका शनिवारी होडी घेऊन दारात आला. तेव्हापासून दर शनिवारी दोघं तळ्यावर जात. बिचाऱ्या मेव्हण्याला आपण सोबत देतो, अशी अर्विडची समजूत होती. अर्विडसोबत एका होडीत बसायला तालुक्यात दुसरं कोणी तयार नव्हतं, हे त्याच्या ध्यानात येण्याचं कारण नव्हतं.

त्या शनिवारी बर्चची पानं पिवळी पडली होती आणि पाणी तळापर्यंत दिसत होतं. होडी खडकांच्या रांगेपाशी आली. अर्विडची गळाची काठी फिरली, बारीक दोरी सुंकन गेली आणि त्याचा लाकडी मासा दूर, नेमका दोन खडकांच्या मध्ये टपकला. टोइवोची पिवळी दोरी रिळावरून वेटोळ्यांनी निघाली आणि अर्ध्यावरच पडली.

"वा. बदकांना जेवायला बोलावतोयस?"

टोइवोने दोरी गुंडाळली आणि पुन्हा टाकली.

सूर्य वर आला तरी कशालाच काही लागलं नाही. अर्विडने तोवर दोनतीन खोटे मासे बदलून पाहिले. दात लावून दोरी तोडायची, थुंकी लावून नवी गाठ आवळायची, त्याला पाहावंही लागत नसे. टोइवोचा मात्र सकाळचाच लाल डोक्याचा मासा होता.

"बदल की तो. लग्न लावलंयस का त्याच्याशी?"

"बरा आहे."

"काय बरा आहे? पाणी थंड झालंय, मासे तळाला गेलेत, हा वरती नाचतोय. आण इकडे." त्याने हात लांब करून टोइवोची दोरी धरली, लाल मासा डोळ्यांजवळ आणला आणि मोठ्याने हसला. नाकापाशी गाठ नव्हतीच, गोळा होता. बुटाच्या नाडीची गाठ, तिच्यावर गाठ, तिच्यावर आणखी एक, आणि वर लायटरने जाळून चिकटवलेलं काळं टोक. "हे कोणी बांधलं? दारू प्यायलेल्या अस्वलाने?"

"मी."

"डोळे मिटून?"

"उघडे ठेवून. काल अख्खी संध्याकाळ लागली." टोइवोने काठी मांडीवर ठेवली आणि उजवा हात पुढे केला. हात थरथरत होता. थंडीने थरथरतो तसा नाही. अंगठा आणि बोट एकमेकांवर सारखे घासत होते, न दिसणारं काहीतरी वळत असल्यासारखे. "जाड असली की निदान चिमटीत लागते. पिवळी दिसते तरी. तुझी ती हिरवी माझ्या हातात राहतच नाही."

अर्विडने लाल मासा सोडून दिला.

"कधीपासून?"

"डॉक्टरने वसंतात सांगितलं. त्याआधीपासून असणार."

"तो डॉक्टर! त्याला स्वतःचं नाक सापडत नाही. गोळ्या दिल्या असतील पोतंभर. आणि तू मला एका शब्दाने बोलला नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर तू आत्ता जे बोललास तेच बोलला असतास," टोइवो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच अर्विडला सहन झालं नाही.

"मला माणसं घाबरतात असं म्हणायचंय तुला?"

"घाबरत नाहीत. कंटाळतात." टोइवो पाण्याकडे पाहत राहिला. "सिग्नेच्या अंगात गाठ निघाली, तेव्हा तिने मला ख्रिसमसपर्यंत तोंड उघडू दिलं नाही. म्हणायची, अर्विडला नको सांगू. तो म्हणेल, हिला लहानपणापासून सगळं दुखतंच. तेवढं ऐकायची ताकद नाही माझ्यात."

अर्विडने तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, नेहमीच असे. सिग्ने खरंच लहानपणी कुरकुरी होती, आणि तेच वाक्य त्याच्या जिभेवर आलं होतं, शब्दन्‌शब्द तेच. ते जिभेवर तसंच राहिलं. त्याने तोंड मिटलं.

ख्रिसमसला तो त्यांच्याकडे जेवला होता. भाजलेलं मांस कोरडं झालंय, असं तो तिला म्हणाला होता.

टोइवोने काठी उचलली आणि दोरी टाकली. ती कुठेतरी खोल, बुडालेल्या ओंडक्यात अडकली. त्याने ओढली, झटके दिले. जाड दोरी तुटता तुटेना, सगळी होडीच ओंडक्याकडे सरकू लागली. शेवटी अर्विडने चाकूने ती कापली. लाल डोक्याचा मासा तळाशी राहिला आणि कापलेलं पिवळं टोक वाऱ्यावर हलू लागलं.

"दे," अर्विड म्हणाला. "मी बांधतो."

"नको."

"अरे, एका मिनिटात..."

"माहितेय. तुझी एका मिनिटात होते." टोइवोने डब्यातून एक तपकिरी मासा काढला आणि गुडघ्यांत दाबून धरला. पिवळं टोक उचलून तो नाकातल्या बारीक कडीवर नेऊ लागला. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा कडीला लागून घसरलं. वारा सुटला होता, होडी डुलत होती, आणि त्यामुळे हाताची थरथर दुप्पट होत होती.

अर्विड पाहत होता. हे पाहणं गिरणीतल्या कुठल्याही पंपापेक्षा अवघड होतं. टोक चुकलं की त्याचा हात आपोआप पुढे जाई, आणि तो मागे घेई. शेवटी तो उठला, मधल्या फळीवर वाऱ्याकडे पाठ करून बसला आणि वल्ही पाण्यात घातली. डावं थोडं, उजवं थोडं. होडीचं तोंड वाऱ्यात धरून ठेवलं, तसं डुलणं कमी झालं.

टोइवोने मान वर केली नाही. पण टोक कडीतून एकदा आरपार गेलं आणि त्याने ते पलीकडून दातांत पकडलं.

तेवढ्यात उतारावरच्या धक्क्याकडून एक चकचकीत होडी गर्जना करत आली. अंगभर जाहिराती छापलेले सदरे घातलेले दोन इसम, मागे पांढऱ्या फेसाची भिंत.

अर्विड ताडकन उभा राहिला.

"हळू! ए, रंगवलेल्या बदकांनो, हळू! डोळे विकून इंजिन घेतलंत का? माणूस काम करतोय इथे!"

त्यातल्या एकाने हात हलवला. नमस्कार वाटला असावा त्याला. होडी निघून गेली.

"लाट येतेय," अर्विड खाली बसत म्हणाला. "हात वर घे."

टोइवोने दोन्ही हात छातीशी घेतले, दोरी अजून दातांत. अर्विडने होडी वळवून नाक सरळ लाटेत घातलं. पहिली लाट, मागून दुसरी, मग बारक्या बारक्या. तो वल्ही मारत राहिला, पाणी सपाट होईपर्यंत.

"हं," तो म्हणाला.

टोइवो पुन्हा खाली वाकला.