पान उलटल्याचा आवाज

शेवटून चौथं पान

संयोगितानं बेदाणा तोंडात टाकला आणि तो न चावताच वाक्य पुरं केलं. ‘विहिरीच्या काठावर त्याच्या चपला कुणीतरी नीट जोडून ठेवल्या होत्या.’

समोर शालूबाई परातीतल्या बेदाण्यांतून काड्या वेचत होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पण बोटांना सगळं दिसायचं. तासगावच्या त्या बेदाण्याच्या शेडमध्ये दुपारच्याला सासूसुनेचा हाच उद्योग. सून सांगलीच्या वाचनालयातून खुनाच्या कादंबऱ्या आणायची, सासू शेवटाच्या आधी खुनी ओळखायची. आजवर एकदाही चुकली नव्हती. शिवतेज आईला फौजदारीणबाई म्हणायचा, आणि बायकोला रोज विचारायचा, आज कुणाचा मुडदा पाडला?

“हा लिवणारा खुळा हाय,” शालूबाई म्हणाल्या.

“का वो, आत्ती?”

“चपला काठावर ठिवल्या की लोक म्हणत्यात, जीव दिला. मग का दिला, घरात काय झालतं, समदं उकरत बसत्यात.”

“मग काय करायचं तिनं?” संयोगिता हसत होती. नवऱ्याला ढकलणारी ती पुस्तकातली बायको, शालूबाईंनी कधीच ओळखलेली, तिला पहिल्यापासून आवडली होती.

“पाय घसरला की एक चप्पल निघती, एक पायात राहती. काठावर राहिलेली उचलायची न् मागनं पाण्यात टाकायची. तरंगताना दिसली की कुणी काय इचारत न्हाई.”

बोटांनी एक काडी वेचली, बाजूला टाकली.

शेवटून तिसरं पान

ते तिनं वाचलंच नाही.

या घरात एक गोष्ट दर वर्षी पितरांच्या जेवणाला सांगितली जायची. लालासाहेब, तिचे सासरे, पलटणीतून पेन्शनवर आलेले, मोटर चालू करायला विहिरीवर गेले आणि पाय घसरून पडले. निळ्या पट्ट्याची स्लिपर पाण्यावर तरंगत होती, म्हणून तर कळलं. दुसरी पायातच होती, असं चुलते सांगायचे, आणि शिवतेज ताटावरून उठून हात धुवायला जायचा. वडील गेले तेव्हा तो चौथीत होता. देवमाणूस गेला, असं सगळे म्हणायचे.

शालूबाई म्हणायच्या नाहीत. त्या वाढत असायच्या, उजव्या हातानं. डाव्या मनगटाचं हाड वाकडं जुळलेलं. म्हशीनं दावं ओढलं तेव्हा मोडलं, असं संयोगिताला नवी नवरी असताना कळलं होतं. या घरी म्हैस कधी होती का, हे तिनं आजवर विचारलं नव्हतं.

बेदाणा जिभेवर तसाच होता. चावता येईना, थुंकता येईना.

“वाच की,” शालूबाई म्हणाल्या. “का थांबलीस?”

शेवटून दुसरं पान

पानाच्या तळाशी दारावर थाप पडत होती. बाहेर पोलीस उभे होते. संयोगिताचा अंगठा पानाच्या कोपऱ्यावर गेला आणि तिथंच राहिला.

“तिनं दार उघडलं,” ती वाचू लागली. “पोलीस म्हणाले, बाई, पाय घसरला असणार. गावही तेच म्हणालं. पोलीस गेले. मग तिनं पोराला जवळ घेतलं, आणि दोघं जेवायला बसली.”



शालूबाईंची बोटं थांबली.

“पान उलटल्याचा आवाज आला न्हाई.”

बाहेर ट्रॅक्टर बंद झाला. शिवतेज दारात स्लिपर काढून आत आला. एक उलटी पडली, एक सुलटी.

“संपली का? कोण निघालं खुनी?”

शालूबाईंनी तोंड सुनेकडं वळवलं. त्या ढगाळ डोळ्यांना काही दिसत नव्हतं, तरी ते तिच्यावरून हलले नाहीत.

“कुणीच न्हाई,” संयोगिता म्हणाली. “पाय घसरला त्याचा.”

“च्यायला. मग एवढं जाडजूड पुस्तक कशाला लिवलं?”

तो हसत माठाकडं गेला. संयोगितानं बेदाणा अख्खाच गिळला.

शेवटचं पान

शालूबाई पुन्हा निवडू लागल्या. बेदाणे काड्यांच्या ढिगात पडत होते आणि काड्या परातीत. संयोगितानं ते पाहिलं. त्यांना सांगितलं नाही.