खताच्या डब्यात जागा आहे

खताच्या डब्याचं झाकण अखेर उडालं आणि आतलं कलिंगडाचं एक साल सेक्रेटरींच्या पांढऱ्या शर्टावर, बरोबर खिशाच्या जागी, जाऊन बसलं. पण ते सोडा. त्या घरातल्या कुणालाही विचारलंत तर असं काही घडलेलंच नाही. सेक्रेटरी आले, चहा प्यायले, गेले. तेव्हा आपणही झाकण जागच्या जागी आहे असं धरून चालू.

डबा आणला सुनेनं. ती दातांची डॉक्टर. तिचं पर्यावरणावर प्रेम नव्हतं असं नाही, पण डबा आणायचं खरं कारण म्हणजे सासरे. सासऱ्यांचा सगळा जन्म बसच्या कंडक्टरीत गेलेला. निवृत्त झाल्यापासून ते स्वयंपाकघराच्या दारात उभे असायचे, कारण बसायची त्यांना सवयच नव्हती. तिथून त्यांच्या सूचना चालायच्या. "गॅस मोठा आहे." "पातेलं कडेला घे, मागच्याला वाट दे." एकदा कांदा चिरता चिरता सुनेनं सुरी खाली ठेवली आणि ठरवलं, की या माणसाला एखादं खातं दिलं पाहिजे. नको असलेल्या मंत्र्याला देतात तसं: नाव भारदस्त आणि मुक्काम लांब.

"बाबा, आजपासून हा डबा तुमचा," तिनं मागच्या गॅलरीत नेऊन सांगितलं. "भाजीचा कचरा यात टाकायचा, त्याचं खत होतं."

सासऱ्यांनी डब्याभोवती एक फेरी मारली, मग ते झाकण उघडून आत डोकावले.

"किती मावतं?"

"दुकानदार म्हणाला, आपल्यासारख्या तिघांच्या घराला तीन महिने सहज."

"दुकानदाराला काय कळतंय," सासरे म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून गुळगुळीत दाढी केली.

डबा आठवड्यात भरला.

आता नवरा पुढे झाला. नवरा म्हणजे घरातला शास्त्रज्ञ, म्हणजे तो व्हिडिओ बघायचा. "ओलं जास्त झालंय, कोरडं घाला," त्यानं निदान केलं आणि घरातले सगळे खोके फाडून आत घातले. भरलेला डबा त्यामुळे ओसंडून वाहू लागला. मग त्यानं गांडुळं आणली. गांडुळांना आत शिरायलाच जागा नव्हती, ती बिचारी डब्याच्या काठाला लोंबकळत राहिली. सासऱ्यांनी त्यांना फुटबोर्डवर उभं राहू नका म्हणून दम दिला.

दिवसभर लोकांना "आ करा" म्हणायचं आणि घरी येऊन डब्याला "मिटा" म्हणत दोन्ही हातांनी दाबायचं, असं सुनेचं आयुष्य होऊन बसलं. तिघांच्या घरात सालं येतात तरी कुठून, हे तिला कळेना. तिनं नवऱ्यावर संशय घेतला. नवऱ्यानं गांडुळांवर घेतला.

अशात सेक्रेटरी दारात. इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे शिस्तीचा माणूस. शर्ट पांढरा आणि मन त्याहून कोरं.

"वास येतो अशी तक्रार आहे. रविवारी पाहायला येतो. झाकण बसलेलं दिसलं तर डबा राहील, नाहीतर जाईल."

सुनेनं मनातल्या मनात हिशेब मांडला. डबा गेला की सासरे परत स्वयंपाकघराच्या दारात, हे तर झालंच. पण ते तेवढंच असतं तर तिनं कसंबसं सोसलंही असतं. डबा आल्यापासून माणूस शर्टाला इस्त्री करत होता. न्याहारीच्या वेळी शीळ घालत होता. त्याआधीचं अख्खं वर्ष त्यांनी आरशात पाहिलंसुद्धा नव्हतं.

शनिवारी एका पेशंटला ड्रिलचं यंत्र दिसताच तातडीचं काम आठवलं, त्यामुळे सून दुपारीच घरी निघाली. मागच्या जिन्यानं वर येते तो जिन्यात रांग. कुणाच्या हातात वाडगा, कुणाच्या हातात पिशवी, एकाकडे चक्क बादली. रांगेच्या टोकाला, मागच्या दारात, सासरे. अंगात खाकी शर्ट, खांद्याला जुनी चामडी बॅग.

"चला, पुढे सरका! मधले आत चला! जागा आहे!"

"कंडक्टर, केळ्याची सालं आहेत," वरच्या मजल्यावरची गाणं शिकवणारी बाई म्हणाली.

"केळी मागे. पपई, तू जरा कडेला उभी राहा. आणि हा एवढा कोबी कुणाचा? सामान फार आहे, मोडून द्या."

सुनेनं बादलीवाल्याला अडवलं. "तुम्ही आमच्या इमारतीतले नाही."

"नाही. मी चौकापलीकडून येतो," तो नम्रपणे म्हणाला. "आमच्याकडून थेट डबा नाही ना."

रांग संपेपर्यंत सून जिन्यातच उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा, गाडी फुल्ल आहे असं सांगता येत नाही का एकदा?"

तिनं शिवी दिल्यासारखे सासरे तिच्याकडे पाहू लागले.

"फुल्ल म्हणतो तो ड्रायव्हर. त्याला समोर काच दिसते. कंडक्टरला माणूस दिसतो. हात केलेल्याला स्टॉपवर टाकून मी कधी डबल बेल दिलेली नाही, सूनबाई."

"अहो, पण ही माणसं नाहीत. सालं आहेत."

"सालं काय आपली आपण चालत येतात? माणसंच घेऊन येतात ना?"

सुनेनं पायरीवर सांडलेलं केळ्याचं साल उचलून त्यांच्या हातात दिलं.

रविवारी झाकण बसलं. झाकणावर सासरे बसले, म्हणून बसलं. योजना सुनेची. सेक्रेटरींना गॅलरीतच खुर्ची आणि चहा देण्यात आला.

"जरा उठता का? झाकण पाहायचंय."

"चालत्या गाडीत उठू नये," सासरे म्हणाले.

"त्यांचे गुडघे," नवऱ्यानं शास्त्रीय खुलासा केला.

सेक्रेटरींनी वाकून डबा चारी बाजूंनी पाहिला. झाकण होतं, बसलेलं होतं, नियमात त्याच्या वर काय असावं याबद्दल काही नव्हतं. "ठीक आहे," ते म्हणाले, "माझी तशी हरकत..."

इतक्यात मागच्या दाराची घंटा वाजली. टिंग. दारात एक म्हातारी, जिने चढून धापा टाकत, हातात कलिंगडाच्या सालांनी भरलेलं घमेलं.

"कंडक्टर, जागा आहे का?"

"आई?" सेक्रेटरींचा कप बशीत वाजला. "तू इथे?"

"मग कुठे जाऊ? तुझ्या घरात एक साल क्षणभर ठेवू देत नाहीस. मी इथली पासवाली आहे."

सुनेनं सासऱ्यांकडे पाहिलं. "बाबा," ती दात न उघडता म्हणाली, "एकदाच. नाही म्हणा."

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. मग घमेल्याकडे. मग धाप लागलेल्या म्हातारीकडे. त्यांनी बॅग खांद्यावर नीट केली.

"जागा आहे," ते म्हणाले, आणि उठले.

पुढे जे झालं ते झालेलं नाही, हे वर सांगितलंच आहे. सेक्रेटरी शर्टाकडे बघत "हा डबा..." एवढंच म्हणाले, तेवढ्यात त्यांची आई म्हणाली, "आधी शर्ट भिजत घाल, डाग पक्का होईल." डब्याचं काय करायचं ते सेक्रेटरी अजून बोललेले नाहीत. घरी त्यांना बोलू दिलं जात नसावं.

ते बोलायच्या आत आपण बोलावं, म्हणून संध्याकाळी सासऱ्यांनी अर्ज सांगितला आणि सुनेनं तो लिहून घेतला, मुद्दाम डॉक्टरी अक्षरात, म्हणजे नामंजूर करायचा तर आधी वाचावा लागेल. शेवटचं वाक्य मात्र सासऱ्यांनी सांगितलेलं नव्हतं. ते तिनं आपल्या मनानं घातलं.

"मा. सेक्रेटरी यांस,

विषय: जादा डबा सोडण्याबाबत.

महोदय, मागील गॅलरीतील डबा क्षमतेपेक्षा अधिक भार घेऊन धावत असून प्रवासी सालांची अतोनात गैरसोय होत आहे. रविवारी काहीही घडलेले नसल्याने त्याचा उल्लेख येथे केलेला नाही. तरी सकाळच्या गर्दीच्या वेळी एक जादा डबा सोडण्यात यावा, मागील जिन्यात बाक व छप्पर असलेला थांबा उभारावा आणि वाळक्या पानांसाठी खिडकीजवळची जागा राखीव ठेवावी. तसेच या मार्गावरील कंडक्टर कधी निवृत्त झालेच नव्हते, असे मागील तारखेपासून समजण्यात यावे, ही नम्र विनंती."