सत्यनारायणाची सातवी टेप

"ताई, ती पुसू नका. आनि मी बघितल्याशिवाय कोनाला दाखवू नका."

हा आवाज विमलला कधीही ऐकू येई. देवापुढे फुलवात लावताना, तांदूळ निवडताना. आज तो कळंबच्या रिसॉर्टमध्ये, पोहण्याच्या तलावाशेजारी ऐकू आला. तोही मिहीर तोंडाचा पट्टा सोडून बोलत असताना.

"मावशी, इकडे कॅमेऱ्यात बघा. आणि जरा एनर्जीने बोला ना."

विमलचा गुरुवार होता. एकसष्ट वर्षांच्या बाईच्या अंगात उपासाच्या दुपारी जेवढी एनर्जी असते तेवढी ती लावतच होती. समोर कुणीतरी लिंबू सरबत आणून ठेवलं होतं, त्यात कागदाची छत्री खोचलेली. सरबताला छत्री कशाला लागते, हे तिने विचारलं नाही. मिहीरच्या घरातल्या माणसांना प्रश्न विचारणं तिने फार पूर्वीच सोडून दिलं होतं.

मिहीर म्हणजे दत्तोपंतांचा नातू. दहिवलीत पंतांचं केबलचं ऑफिस होतं, तिथे विमल टेप लावायची आणि रजिस्टर लिहायची, आणि त्या केबलवर दर गुरुवारी संध्याकाळी 'पुन्हा एकदा' नावाचा कार्यक्रम लागायचा. गावोगावच्या पोरापोरींनी स्टेजवर गायलेल्या पॉप गाण्यांच्या जुन्या टेप त्यात फिरून दाखवायचे. अकरा वर्षं चालला, मग केबलच बुडाली. आता मिहीरला त्या कार्यक्रमाचा इतिहास काढायचा होता. पुढच्या शनिवारी रिसॉर्टच्या पाहुण्यांना तो मोठ्या पडद्यावर दाखवणार होता. जेवणासोबत लोणचं वाढावं तसा इतिहास.

"तर मावशी, आजोबांना ही आयडिया सुचली कशी?"

"त्यांना नाही सुचली," विमल हळूच म्हणाली. "त्या गुरुवारी कॅमेरावाला हळदीच्या शूटिंगला खोपोलीला गेला होता. लावायला काही नव्हतं. म्हणून मी नवरात्रातली जुनी टेप लावली. लोकांचे फोन आले, परत लावा म्हणून."

"हे आपण कट करू," मिहीर कॅमेरावाल्याला म्हणाला, आणि विमलकडे वळून समजुतीने हसला. "तुम्ही सपोर्ट स्टाफमध्ये आहात, मावशी. शेवटी नाव येणार तुमचं."

विमलला नावाचं काही नव्हतं. पंतांनी त्या कार्यक्रमावर तीन शाली मिळवल्या होत्या आणि दर वेळी भाषणात तीच गोष्ट सांगितली होती: आपण पहाटे ध्यानाला बसलो असता हा विचार चमकला. पंत पहाटे ध्यानाला बसत नसत, घोरत. हे अख्ख्या दहिवलीला ठाऊक होतं. खोटं बोलणाऱ्याला लाज नसली तरी ऐकणाऱ्याला असते, म्हणून दहिवली टाळ्या वाजवायची.

मग मिहीरने त्याचं आतापर्यंतचं काम दाखवलं. पडद्यावर किरवलीचा कंपाउंडर आला. काळा गॉगल, भावाचा कोट, हातात माइक. दवाखान्यात सबंध दिवस पुड्या बांधून हा माणूस सायकलवर दहिवलीच्या मैदानात यायचा, आणि गाताना त्याच्या गळ्याच्या शिरा तटतटून फुगायच्या. मिहीरने त्याच्या तानेवर गाढवाचं ओरडणं चिकटवलं होतं. खाली अक्षरं नाचत होती, आणि मागे कुणी न दिसणारी माणसं खदाखदा हसत होती.

कंपाउंडर जाऊन चार वर्षं झाली होती. त्याची बायको दहिवलीत दुसऱ्या गल्लीला राहायची.

"भारी आहे ना?" मिहीर म्हणाला.

विमलने त्याच्याकडे नीट पाहिलं. पायात पाचशे मैल चालायचे बूट घालून हा पोरगा गाडीतून उतरून खुर्चीपर्यंत चालत आला होता. आयुष्यात चार माणसांपुढे उभं राहून एक ओळ गायला नव्हता. आणि हा, ज्याने गायली, त्याला गाढव म्हणत होता. तिच्या मनात त्याच्याविषयी राग आला नाही. राग यायला समोर माणूस लागतो. डाळीतला खडा बाजूला काढताना वाटतं, तेवढंच वाटलं.

"मावशी, एक खरं काम आहे तुमच्याकडे." मिहीरने तिचंच जुनं रजिस्टर पुढे सरकवलं. तिच्याच अक्षरातली ओळ, त्यावर लाल रेघ. "नवरात्र, अठ्ठ्याण्णव. छाया धाकलू, कडाव. रद्द. हे काय प्रकरण आहे?"

"तिच्या वडिलांनी नको म्हटलं. म्हणून लागलं नाही."

"म्हणजे बॅन झालेलं गाणं." त्याचे डोळे चमकले. "मुलगी होती? जीन्सबिन्स? मावशी, ही टेप शिल्लक आहे का?"

नाही म्हटलं की संपलं असतं. पण सत्तावीस वर्षांपूर्वी विमलने एक खोटं लिहिलं होतं, आणि त्यानंतर नेम धरला होता की आता तोंडातून किंवा लेखणीतून दुसरं खोटं उतरायचं नाही.

"आहे."

"कुठाय?"

"ते मी सांगणार नाही."

मिहीर हसला. हट्टी म्हातारीला हसतात तसा. म्हणाला, नका सांगू. उद्या दहाला टेंपो येणार आहे, ऑफिसचं कपाट रिकामं करायचंय. सगळ्या टेप मुंबईला जातील, तिथे एकेक लावून बघतील. "आजोबांच्या पूजेच्या तेवढ्या भंगारात टाकायला सांगितल्यात. सत्यनारायण कोण बघतो?"

विमलने सरबताचा पेला बाजूला सरकवला.

अठ्ठ्याण्णव साली छाया एकोणीस वर्षांची होती. कडावहून दुधाच्या किटल्या घेऊन कर्जत-दहिवलीला यायची. त्या नवरात्रात ती दहिवलीच्या मैदानात गायली. गाणं तिनेच जुळवलेलं होतं, पहाटेच्या धारेवर, आणि चाल अशी उडती की मैदानातली म्हातारी माणसंही मान हलवायला लागली. भावाची पॅन्ट कमरेला सैल होत होती, ती विमलनेच मागून पिन लावून आवळली होती. दुसऱ्या दिवशी तिचे वडील धाकलू ऑफिसात आले. पोरीचं लगीन ठरतंय, सोयरे खालापूरचे हायत, आमची लाज राखा, म्हणाले. पंतांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवून शब्द दिला आणि विमलला सांगितलं, पुसून टाक.

दोन दिवसांनी छाया किटली दारात ठेवून आत आली. रडली नाही. तिने स्वतःला गाताना कधीच बघितलं नव्हतं, एवढंच तिचं म्हणणं होतं. सगळ्या मैदानानं बघितलं, मीच तेवढी राह्यली. मग ते वाक्य बोलली, आणि विमल म्हणाली, "दाखवीन. शब्द देते."

टेप वाचवायची कशी, हा प्रश्न होता. ऑफिसातली पोरं हाताला येईल ती टेप घेऊन तिच्यावर बारशी आणि हळदी चढवत. कंपाउंडरची दोन गाणी अशीच कुणाच्या तरी साखरपुड्याखाली गाडली गेली होती. फक्त एका प्रकारच्या टेपला कुणी बोट लावत नसे. ऑफिसात दरवर्षी सत्यनारायण व्हायचा, त्याचं शूटिंग व्हायचं, आणि पूजेवर हळद चढवायची छाती कुणाचीच नव्हती. विमलने छायाच्या टेपला चिठ्ठी डकवली आणि वर ठसठशीत लिहिलं, 'श्री सत्यनारायण पूजा'.

त्या दिवसापासून तिची झोप उडाली. पोथीतला वाणी नावेत पालाच आहे म्हणून खोटं बोलला आणि त्याच्या धनाचा खरंच पाला झाला. आपण तर देवाचंच नाव खोट्याला चिकटवलं. म्हणून तिने दर पौर्णिमेला पोथी वाचायचा नेम घेतला, कपाटात डांबरगोळ्या आणि कडुनिंबाचा पाला बदलत राहिली. टेप मात्र कधी लावून बघितली नाही. छायाने बघितल्याशिवाय कोणी बघायची नव्हती, त्यात विमलही आली.

आणि छायाला दाखवलीही नाही. टेप बाहेर काढायची म्हणजे चिठ्ठीचं कबूल करावं लागलं असतं. छाया खालापूरच्या नाक्याजवळ पोळीभाजीचं दुकान चालवते, हे विमलला बारा वर्षं ठाऊक होतं. पोथी वाचणं सोपं. खालापूरची एसटी पकडणं कठीण. मिहीरला खड्यासारखं बाजूला काढताना तिला हेही कळलं, की ताटात आणखी एक खडा आहे.

पंत झाडाखाली व्हीलचेअरवर होते. वय चौऱ्याऐंशी. ऑक्टोबरच्या उकाड्यात चित्रीकरणासाठी शाल पांघरलेली, तोंडाला पावडर. विमल त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पंत, पूजेच्या टेप भंगारात चालल्यात. त्या मला द्या."

"ने की," पंत उदारपणे म्हणाले. "सात वर्षं पूजा घातली आपण. कोण घालतं आजकाल."

"पूजा सहाच झाल्या, पंत."

पंतांनी डोळे किलकिले केले. मग विमलने सगळं सांगितलं. हात जोडले नाहीत, आवाज चढवला नाही. पंत ऐकता ऐकता लाल झाले. पावडरीतूनही ते दिसलं.

"मी धाकलूला शब्द दिला होता."

"शब्द तुम्ही दिलात. पुसणारी मी होते."

"आणि वर देवाचं नाव लिहिलंस? माझ्या ऑफिसात? मी एखाद्या दिवशी पूजा बघायला ती टेप लावली असती म्हणजे?"

"तुम्ही लावणार नाही, हे ठाऊक होतं," विमल म्हणाली. "म्हणूनच ते लिहिलं."

पंत शालीचं टोक बोटांत गुंडाळत राहिले, तिसऱ्या शालीचं. मग त्यांनी केबलच्या कपाटाची जुनी किल्ली तिच्याकडेच असल्याची आठवण करून दिली, जणू तिला ठाऊक नव्हतं.

"ने. तो जुना व्हीसीआरही ने, पडलाय तिथे. मिहीरला बोलू नकोस."

"आपणहून नाही बोलणार. विचारलं तर खरं सांगेन."

"तो नाही विचारणार," पंत म्हणाले. "माझ्यावरच गेलाय."

विमलने पंतांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं खरं वाक्य. तिने मान लववली आणि ती फाटकाकडे चालू लागली. मागून मिहीर कुणाला तरी सांगत होता की मावशी गोड आहेत पण कॅमेऱ्यासमोर फारच थंड.

शुक्रवारी सकाळी साडेआठला ती ऑफिसातून सात टेप आणि व्हीसीआर घेऊन घरी आली. रोजची देवपूजा आधीच झाली होती. सहा टेप तिने देवघराखालच्या कप्प्यात ठेवल्या. सातवीची चिठ्ठी ओल्या फडक्याने भिजवली आणि नखाने हळूहळू सोडवली. देवाचं नाव असलेले ते कागदाचे तुकडे केरात टाकवेनात. तुळशीच्या मुळाशी मातीत दाबले. दुसरी चिठ्ठी डकवून लिहिलं: 'छाया. कडाव. दुधाचं गाणं.'

व्हीसीआर तिने जुन्या नऊवारीच्या तुकड्यात बांधला, लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी वरून खोचल्या. छायाच्या टीव्हीला त्या लागतील की नाही, ठाऊक नव्हतं. फितीवर गाणं उरलंय की नुसता पाला, तेही ठाऊक नव्हतं. ते बघायचा पहिला मान तिचा नव्हता.

कर्जतच्या स्टँडवर खालापूरवरून जाणारी खोपोलीची गाडी लागलेली होती. ती खिडकीशी बसली. कंडक्टरने बोचकं खाली ठेवायला सांगितलं. तिने व्हीसीआर पायाशी ठेवला. टेप मांडीवरच राहू दिली, प्रसादाचा द्रोण धरतात तशी, दोन्ही हातांनी.

"कुठं, आजी?"

"खालापूर नाका," विमल म्हणाली. "एक."