तिसऱ्या माशाचा आजार

आपल्यापैकी बहुतेकांच्या कामाच्या जागी एक तरी सदा आजारी माणूस असतं. आज त्याचं डोकं दुखतं, उद्या पोट बिघडतं, आणि परवा त्याची खुर्ची रिकामी दिसली की बाकीचे एकमेकांकडे बघून हसतात. त्याला नेमकं काय झालंय, हे विचारायच्या फंदात कुणी पडत नाही. दातांच्या एका दवाखान्यात हेच चाललं होतं, आणि तिथले डॉक्टर तर चांगले शिकलेसवरलेले होते.

डॉक्टरांचा हात हलका. दाढ काढून घेतलेला माणूससुद्धा त्यांना दुवा देत घरी जायचा. त्यांचा शौक म्हणाल तर एकच, बाहेरच्या खोलीतली खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी. तिच्यात नारिंगी अंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे तीन क्लाउनफिश होते. त्यातले दोन चांगले गुबगुबीत. तिसरा मात्र पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात, पंपाच्या नळीमागे तोंड खुपसून असायचा. खायचा नाही, रंग उतरलेला, मधूनच अंग थरथरायचं. डॉक्टरांनी निदान केलं, आजार. त्याला उचलून आपल्या खोलीतल्या छोट्या टाकीत ठेवलं आणि औषधाचे थेंब सुरू केले. मासा बघता बघता टवटवीत झाला. परत मोठ्या टाकीत सोडला, की चार दिवसांत पहिले पाढे पंचावन्न! औषध कमी पडलं असणार, असं म्हणून डॉक्टर पुन्हा बाटली उघडायचे.

त्यांच्या नव्या मदतनीस मुलीचंही तेच झालं होतं. घरच्यांचा विरोध पत्करून ती हे काम शिकली होती. आली तेव्हा कामाला चपळ होती, आणि मग सकाळी सकाळी तिला मळमळायला लागलं, चक्कर यायला लागली. डॉक्टर काही दगडाच्या काळजाचे नव्हते. त्यांनी तिला ओळखीच्या डॉक्टरांकडे पाठवलं, रक्त तपासून घेतलं; सगळं ठीक. आठवडाभर सुट्टी दिली की ती हसतमुख होऊन यायची आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा तोंड उतरायचं. "प्रकृतीच नाजूक," डॉक्टर म्हणाले, आणि ते वाक्य दवाखानाभर झालं. शेवटी त्यांनी ठरवलं, शनिवारी संध्याकाळी तिला दुसरं काम बघायला सांगायचं. नोकरी गेली तर घरचे 'सांगत नव्हतो?' म्हणायला टपलेलेच होते. वर आजारी हा शिक्का घेऊन दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात तिला कोण उभं करणार होतं?

दवाखान्यात आणखी दोघी होत्या. एक मोठ्या बाई, दवाखाना उघडला त्या दिवसापासूनच्या. सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. दुसरी काउंटरवर फोन घेणारी. दोघींचं अगदी गूळपीठ.

शुक्रवारी दुपारी डॉक्टरांची मोठी बहीण दाढ भरून घ्यायला आली. ती प्राण्यांची डॉक्टर. घोड्यापासून पोपटापर्यंत कुणाचीही नाडी बघायची, आणि धाकट्या भावाची तर लहानपणापासूनच बघत आलेली. तिच्या तोंडात कापसाचे बोळे असेपर्यंत डॉक्टरांनी मनसोक्त बोलून घेतलं. माशाचं सांगितलं, मुलीचं सांगितलं, शनिवारचा बेतही सांगितला. आयुष्यात पहिल्यांदाच ताईनं त्यांचं बोलणं मध्ये तोडलं नाही. बोळे निघाले तेव्हा तिचा अर्धा ओठ बधिर होता, पण तेवढ्यावर ती कसली अडते!

"माशाच्या अंगावर ठिपके आहेत?"

"नाहीत."

"चिकट थर? धाप लागल्यासारखा श्वास?"

"तेही नाही. शेपटीची कड तेवढी झडलीय."

"झडलीय, की कुणी तोडलीय?"

ताईनं विचारलं, तू काचेजवळ गेलास की मासे काय करतात? डॉक्टर कौतुकानं म्हणाले, दोघं धावत पुढे येतात, तिसरा आपला नळीमागे, पण कधी भांडण नाही की तंटा नाही.

"मग तुला काय डोंबल दिसणार, बाळ्या? खाणं घेऊन येणाऱ्यासमोर सगळेच शहाण्यासारखे वागतात. लांब बस, आणि मग बघ."

जेवणाची सुट्टी झाली होती. डॉक्टर रोज या वेळी घरी जायचे, त्यामुळे आजही ते गेले असं आत सगळ्यांनी धरलं होतं. दोघं भावंडं बाहेरच्या खोलीत, कपाटाच्या आडोशाच्या खुर्च्यांवर बसली. जरा वेळ काहीच घडलं नाही. मग तिसरा मासा नळीमागून हळूच बाहेर आला, आणि सगळ्यात मोठा मासा त्याच्यावर तीरासारखा धावला. पाठोपाठ दुसरा. तिसरा आडवा होऊन थरथर कापायला लागला.

ताईनं हलक्या आवाजात सांगितलं, हा ताप नव्हे. तूच मोठा, मला सोड, असं म्हणायची त्यांची ही रीत. तिघं एकत्र ठेवले की दोघांची जोडी जमते आणि तिसऱ्याचे हाल होतात. "औषधानं बरा होत नव्हता तो. तुझ्या खोलीत त्याला मारणारं कुणी नव्हतं, म्हणून बरा व्हायचा."

तेवढ्यात आतून मोठ्या बाईंचा आवाज आला. पाठोपाठ धुतलेले आरसे आणि चिमटे बेसिनमध्ये ओतल्याचा खळखळाट.

"डाग आहेत. परत धू सगळं."

"आत्ताच धुतलं, बाई. जरा दोन घास खाऊन..."

"नाजूकराणीला भूक लागली का? मग परत पोट दुखेल हो! डॉक्टरांनीच सांगितलंय, तुझी प्रकृती नाजूक."

काउंटरवरचीही आतच जेवायला बसली होती, ती खदाखदा हसली. मुलगी "चुकलं, बाई" म्हणाली आणि डब्याचं झाकण परत लागलं. हे आजच घडत नसावं, कारण तिच्या आवाजात रडूही नव्हतं, रागही नव्हता. डॉक्टरांना टोचत होतं ते एवढंच, की बाईंच्या हातातला 'नाजूक' हा दगड त्यांनी स्वतः पुरवला होता!

ते कुजबुजले, "ताई, माझ्या मित्राच्या दवाखान्यात तिची सोय लावतो. चांगली शिफारस करतो. इथून सुटेल बिचारी."

"माशाला जरूर हलव, आजच्या आज. त्या मोठ्या माशाला समज देता येत नाही, त्याचा स्वभावच तो. बाईंना समज देता येते ना? का त्यांनाही कल्ले आहेत? उद्या हिच्या जागी दुसरी येईल आणि तीही आजारी पडेल. हिच्याआधीच्या मुली कशानं गेल्या रे?"

एकीची पाठ दुखायची, दुसरीचं डोकं. हल्लीच्या मुलींत दम नाही, असं डॉक्टर तेव्हा म्हणाले होते. आता ते म्हणाले, "बाईंशिवाय माझं पान हलत नाही."

"म्हणून तर त्यांना रान मोकळं मिळालं."

डॉक्टर उठले आणि आत गेले. त्यांना बघून काउंटरवरचीचं हसू जागच्या जागी विरलं. त्यांनी आवाज चढवला नाही. मुलीला बसून जेवायला सांगितलं. बेसिनमधली उपकरणं आजपासून तिघींनी पाळीपाळीनं धुवायची, जेवताना कुणाला उठवायचं नाही, आणि हे परत कानावर आलं तर किल्ल्या काढून घेईन, असं बाईंना स्वच्छ बजावलं. मग तिघींच्या देखत म्हणाले, "ही आजारी आहे असं मी म्हणत आलो. चूक माझी. हिला काहीही झालेलं नाही. हिला त्रास दिला जात होता, आणि तो माझ्या दवाखान्यात दिला जात होता."

तिसऱ्या माशाला त्याच दिवशी स्वतंत्र टाकी मिळाली. शनिवारी मोठ्या बाईंचं डोकं दुखायला लागलं. डॉक्टरांनी या वेळी गोळी दिली नाही. समोर बसवून घेतलं आणि विचारलं. बाई म्हणाल्या, पोरीचा हात चपळ आहे, माझे गुडघे गेले, उद्या तुम्ही मला घरी बसवाल. भीती खरी होती, रीत वाईट होती. डॉक्टरांनी त्यांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. बाईंनी मुलीशी बोलायला आणखी आठवडा घेतला, पण बोलल्या, आणि मान खाली घालून बोलल्या.

मुलगी टिकली. तिची मळमळ कुठल्या कुठे गेली. डॉक्टरांनी एकदा न राहवून विचारलं, "तू मला आधी का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "काय सांगणार, डॉक्टर? तुम्ही सगळे म्हणत होता ना, म्हणून मलाही वाटायला लागलं होतं, मी खरंच आजारी आहे."

वाचकहो, तुमच्या ऑफिसात, वर्गात, घरात कुणी वारंवार आजारी पडत असेल, तर वैद्याकडे जरूर पाठवा. सगळीच दुखणी छळाची नसतात. पण जे माणूस घरी बरं असतं आणि तुमच्यात आलं की आजारी पडतं, त्याला आणखी सुट्टी देऊ नका. त्याच्या शेजारी कोण बसतं ते बघा. आणि तुमच्या समोर तर सगळे नीटच वागतात, हे विसरू नका.