पत्तीमहाराजांचे थेंब

चहाच्या कारखान्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर कोऱ्या चहाचे दोन पेले: एक बाजारच्या पत्तीचा, एक महाराजांच्या. पत्तीमहाराजांनी डोळे मिटून दोन्हींत तीर्थाचे थेंब सोडले. बाजारच्या चहाचा पेला बघता बघता काळाकुट्ट झाला. महाराजांचा मात्र सोनेरीच राहिला.

"बघा बाळांनो, हे विष तुम्ही रोज पिता! माझी पानं मी बंद डब्यात कोंडून त्यांना मंत्र ऐकवतो. सुप्त गुण खडबडून जागे होतात. रक्तदाब, मधुमेह, मूळव्याध, शेजारणीची नजर, सगळं पसार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. रसायनशास्त्राच्या बाईंनी मात्र ओठ आवळले. या पत्तीपायी त्यांच्या सासूबाईंनी रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या होत्या आणि काल त्या चक्कर येऊन न्हाणीघरात आपटल्या होत्या. तरी आज मनगटाला बँडेज बांधून पहिल्या रांगेत हजर! त्यांचा या पत्तीचा चहा बाईंनी सकाळी चाखला होता. आंबट लागला होता.

बाई पुढे झाल्या. "कुणाकडे लिंबू आहे का?"

गर्दीतल्या भाजीवाल्याने टोपलीतून काढून दिलं. बाईंनी बाजारच्या चहाचा नवा पेला भरून त्यात लिंबू पिळलं. "महाराज, सोडा आता थेंब."

"पोरी, तीर्थाची परीक्षा घेऊ नये."

"सोडा की!" मागून कुणीतरी ओरडलं.

थेंब पडले. चहा सोनेरीच राहिला.

महाराज क्षणभर गडबडले. "पाहिलंत? लिंबातही माझीच शक्ती! हा भाजीवाला माझा जुना भक्त."

"मी? मी तर गिऱ्हाईक बघून आलो!"

शेड हशाने दणाणली.

बाई म्हणाल्या, "तीर्थात हिराकस आहे, लोखंडाचा क्षार. चहाच्या तुरटपणाशी त्याची गाठ पडली की शाई होते. आंबटपणा असला की होत नाही. यांच्या पत्तीला लिंबूसत्त्व चोळलंय. पानं हवेवाचून कोंडली की त्यांतलं एखादं चांगलं द्रव्य वाढतं, हे खरं. पण ते हवा नसल्यामुळे; मंत्र म्हणा नाहीतर शिव्या द्या. आणि कितीही वाढलं तरी तो चहाच, औषध नव्हे."

"अगं, पण मला बरं वाटत होतं," सासूबाई पुटपुटल्या.

"वाटत होतं, आई. रक्तदाब मोजला कुणी?"

 सासूबाई महाराजांकडे वळल्या. "अहो, तुम्ही मोजला होतात का?"

महाराज पिशवी आवरत होते.

"चल, दवाखान्यात जाऊ," सासूबाई सुनेला म्हणाल्या.

चहा खुशाल प्या, आवडीने प्या. पण कुणी त्यातला गुण वाढवला म्हणाला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: कुणी मोजला, आणि कसा?