देव्हाऱ्यातलं पिठलं

आता कपिलधारच्या जत्रेला येऊन कुणी देव सोडून पुस्तकांच्या पालापुढं बसतं का? पण बायना बसली होती, चांगली मांडी ठोकून, आणि उठायचं नाव घेत नव्हती. मागं धबधब्याचं पाणी पडत होतं. त्याचे बारीक तुषार वाऱ्यावर येत होते, पुस्तकांची पानं दमट होत होती, आणि पुस्तकवाला त्रिंबक मनातल्या मनात करवादत होता.

बायनाला एक अक्षर येत नव्हतं. पुस्तक हवं होतं तिच्या आबांना, म्हणजे पाटोद्याकडच्या एका लहानशा गावच्या उत्तरेश्वर पाटलांना. निजामाच्या राज्यात पाटलाला उसंत कुठली? सकाळी महसुलाच्या गिरदावराचं घोडं दारात, दुपारी तहसिलीचा शिपाई, सांजेला बांधाची भांडणं. बायनाची आई गेल्यापासून घरातली चूल बायनाच पेटवायची, आणि मार्गशीर्षात तर ती धारूरला नांदायला जाणार होती. मग आबांच्या ताटात गरम घास कोण वाढणार? या एका काळजीनं पोरीचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. रांधायचं पुस्तकसुद्धा छापून येतं, असं तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं. आबा तर दर श्रावणात गावाला पोथी वाचून दाखवायचे. वाचतील, शिकतील.

"हे घ्या," त्रिंबकनं एक जाडजूड पुस्तक पुढं केलं. "लग्नाची पंगत उठंल याच्यावर."

"वाचा बरं जरा."

त्रिंबकनं वाचलं. केशर झालं, बदाम झाले, खवा झाला.

"पुरं, पुरं! आमच्या आबाला काय नवाबाचे पाव्हणे जेवू घालायचे हायेत? त्यात पिठलं हाय का?"

पिठलं त्यात नव्हतं. त्रिंबकनं तळातून एक बारकं पुस्तक उपसलं. "ह्यात हाय. पर पिठल्याला कुणी पुस्तक बघतंय व्हय, बाई?"

"ज्याला येत न्हाई, त्यो बघतोय. वाचा."

त्रिंबक वाचू लागला. कढईत तेल घालावे, मोहरी तडतडली की लसूण टाकावा... बायनानं डोळे मिटले. पाण्याचा आवाज हळूहळू फोडणीचा झाला. तुषारांचा धूर झाला आणि त्या धुरात आई बसलेली दिसली, कपाळावरचा घाम मनगटानं पुसत, ओठ आवळून पीठ पेरत. तिच्या बांगड्यासुद्धा वाजल्या. बायनाला वाटलं, हा बाबा असाच वाचत राहावा आणि आपण इथून कधी उठूच नये.

"हेच द्या," डोळे उघडून ती म्हणाली.

निघायच्या दिवशी तिनं ते पुस्तक आईच्या लाल खणात बांधलं आणि आबांच्या हातात दिलं. हुंदक्यावर हुंदका येत होता, बोलणार तरी किती! "आबा, रोज एक पान. नेम मोडू नगा."

"न्हाई मोडत," आबा खणावर हात ठेवून म्हणाले. आणि उत्तरेश्वर पाटलांनी हात ठेवून दिलेला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पुढं नागपंचमीला ती माहेरी आली, तेव्हा दिवेलागण झाली होती. ओसरीवरून आबांचा आवाज येत होता, ठेक्यात, सुरात. ती उंबऱ्यातच थबकली. समईपुढं पाटावर लाल खण, खणावर पुस्तक, पुस्तकावर हळदकुंकू, आणि समोर हात जोडून बसलेलं अर्धं गाव.

"रवा तांबूस होईतो भाजावा, मग वेलदोड्याची पूड घालावीऽऽ..."

म्हातारा हरिबा डोळे मिटून डोलत होता. शेजारची साखराबाई पदरानं डोळे पुसत होती. शिऱ्यात रडण्यासारखं काय असतं ते तिचं तिला ठाऊक. सगळी ओसरी कशी तरंगत होती. बायनालासुद्धा क्षणभर तुपाचा वास आला. खरंच आला! मग आबांनी पुस्तक मिटलं, खणात बांधून देव्हाऱ्यात ठेवलं, चिमूट चिमूट साखर वाटली, आणि माणसं झोपेतून उठल्यासारखी आपापल्या घरी गेली.

बायना सैपाकघरात गेली. चुलीत गार राख होती. टोपल्याखाली कालची भाकरी, वाळून खडंग झालेली. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"आबा! रांधायचं पुस्तक देव्हाऱ्यात कावून ठिवलं?"

"आता घ्या! लाल खणात तू बांधलंस, नेम तू घालून दिलास. मग ती पोथीच की. पोथी कुणी चुलीपाशी नेतंय का? उष्टं-खरकटं लागंल."

"मी काय पूजेला दिलतं का ते? तुमी गरम खावं म्हणून दिलतं!" आणि ती ढसाढसा रडायला लागली.

आबा गडबडले. खणाची गाठ चाचपू लागले. मग हळूच म्हणाले, "समदं पाठ झालंय, बाय. पर एकट्यासाठी चूल पेटवाया मन होत न्हाई."

बायनाचं रडणं तिथंच थांबलं.

"एक पान तेवढं वाचलं न्हाई अजून," आबा म्हणाले. "पिठल्याचं. तू त्याच्यावर अडून बसलीस म्हणं जत्रेत. तुझ्यासाठी राखून ठिवलं. बस तू."

ती उठायला लागली, तर त्यांनी खांदा दाबून तिला पाटावर बसवलं. आणि मग जे सुरू झालं, ते बघत राहावं असं होतं. पोथी चुलीपाशी न्यायची नाही, म्हणून आबा देव्हाऱ्यापुढं एक ओळ वाचायचे, ती पुटपुटत चुलीकडं जायचे, तेवढं करून हात धुवायचे आणि दुसऱ्या ओळीसाठी परत यायचे. लसूण करपला. पिठाच्या गाठी झाल्या. घरभर धूर झाला, आणि त्या धुरात आबा ओठ आवळून पीठ पेरत होते, अगदी आईसारखे.

ताट समोर आलं, तेव्हा बायनाच्या ध्यानात आलं. आई गेल्यापासून तिला असं बसवून कुणी वाढलंच नव्हतं. सासरी तर ती सगळ्यांच्या मागून जेवायची, उरलंसुरलं, गार झालेलं. तिनं एक घास घेतला. डोळे भरून आले.

"खारट झालं का गं लई?"

"न्हाई," ती म्हणाली. "गरम हाय, आबा."

मग तिनं त्यांच्याही ताटात वाढलं आणि तिथंच ठणकावलं. "उद्यापासनं साखरेचा परसाद बंद. ज्या दिवशी जे वाचाल ते रांधायचं, आन् ऐकणाऱ्यांसंगं बसून खायचं. एकट्यानं न्हाई. नेम हाय!"

नेम म्हटल्यावर पाटलांनी उठून खणावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सांजेला हरिबा पोथीला आला तो घरून ताट घेऊनच.