वरवंट्याचा पहिला झोका

मिठबावात कुणी घर विकत घ्यायचं म्हटलं की आधी मथुरेला बोलावणं जायचं, भटजींना नंतर. भटजींना ह्याचा राग होता. पण स्वतःच्या भावासाठी घर बघायचं झालं तेव्हा त्यांनीही गुपचूप तिलाच बोलावलं होतं, त्यामुळे तोंड उघडायला जागा नव्हती.

ती बघायची ते अगदी साधं. विहिरीला कठडा आहे का, चुलीचा धूर कुठून बाहेर पडतो, पागोळ्या भिंतीच्या पायात तर पडत नाहीत ना, परसातल्या दगडांत सापा-जनावराला शिरायला बिळं आहेत का. आणि शेवटी लाकूड. खराट्यातला एक टणक हीर ती अंबाड्यात खोचून न्यायची आणि खांबात, वाशांत, चौकटीत टोचून बघायची. हीर वाकला तर लाकूड चांगलं. हीर आत गेला तर घरधनिणीच्या हातचं पाणी पिऊन, चार गोड शब्द बोलून ती बाहेर पडायची आणि घेणाऱ्याला सांगायची, "हय नको." ह्या कामाचा तिला एक नारळ मिळे. कुणी फारच खूश झालं तर खण.

हे वेड तिला उगाच लागलं नव्हतं. माहेरी धाकटी बहीण न्हाणीच्या भिंतीखाली गेली होती. भिंत बाहेरून कशी, तर नवरीसारखी सारवलेली, आणि आतून उंदरांनी पार पोखरलेली. भिंतीला टेकून ती पोर भातुकली खेळत होती. तेव्हापासून मथुरेचा सारवणावर विश्वास उरला नव्हता.

गोवा अजून फिरंग्यांकडे होता त्या सालांतली ही गोष्ट. मथुरेचा नवरा सत्यवान मालवाहू बोटीवर खलाशी. लग्न झाल्यापासून ती दिरांच्या घराच्या पडवीत राहत होती. मूल नव्हतं. दुसऱ्यांची घरं बघून बघून पाय झिजले आणि स्वतःला मात्र कूड घातलेली पडवी. ह्या खेपेला सत्यवानाने कळवलं होतं की चैत्रात येतो, तोवर घर बघून ठेव. आणि घर तर तिने कधीच बघून ठेवलं होतं. दाजी लोक्यांचं.

दाजी नारळाचे व्यापारी. घर चिऱ्याच्या जोत्यावरचं, विहिरीचं पाणी गोड, मागे फणस, ओटीवर बसलं की माडांतून खाडी दिसायची. मथुरेचं माहेर शेजारच्याच वाडीत, त्यामुळे लहानपणी ती ह्याच विहिरीवर पाणी मागायला यायची. आता दाजी कणकवलीला भावाच्या दुकानाजवळ राहायला जाणार होते आणि घर विकणार होते. त्यांची अट एकच. माजघराच्या कोपऱ्यात रोयण आली होती, म्हणजे वारूळ. आपल्याकडे सातेरीदेवी वारुळाच्याच रूपात बसते, हे कुणाला सांगायला नको. जो घर घेईल त्याने देवीला रोज दिवा लावायचा आणि रोयणीला हात लावायचा नाही.

"दिवो लावतलंय," मथुरा म्हणाली होती. त्यात तिला काहीच अवघड वाटलं नाही. विसार देण्यापूर्वी रीत म्हणून एकदा बघून येऊ, एवढंच तिच्या मनात होतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी तिला काही बघायचंच नव्हतं. घर इतकं हवं होतं की हीर घरीच विसरावा असं तिला वाटत होतं. पण हात सवयीने अंबाड्याकडे गेला.

घरात गडबड चालली होती. दाजींची सून विमला बाळंतीण होती आणि उद्या मुलीचं बारसं. लग्नानंतर किती वर्षं वाट बघून झालेलं मूल. रोयण आली त्याच साली विमलेला दिवस गेले, तेव्हा ही देवीचीच देणगी ह्याबद्दल घरात कुणाला शंका नव्हती. गोव्याहून आणलेला शिसवी पाळणा गड्यांनी देवीसमोर, माजघराच्या तुळईला टांगायला घेतला होता. तुळईवर माळा, आणि माळ्यावर दाजींचे सुके नारळ गच्च भरलेले.

मथुरेने विहीर बघितली, चूल बघितली, ओटीचा खांब बघितला. सगळं उत्तम. मग ती माजघरात आली, देवीला वाकून नमस्कार केला आणि तशीच वाकलेली राहिली. रोयणीच्या मागून मातीची एक बारीक नळी खांबावर चढली होती. खांबावरून ती तुळईत गेली होती. तुळईला गेरूचा नवा हात दिलेला, त्यावर हळदीकुंकवाची बोटं. बघणाऱ्याला वाटावं, कालच सुताराकडून आली आहे.

मथुरा पाटावर चढली आणि हीर टोचला. लोण्यात बोट जावं तसा तो आत गेला. पूर्ण.

पहिला विचार घराचाच आला, तो का लपवायचा? गेलं घर, असं तिच्या मनात आलं. मग तिने खाली बघितलं. पायाशी पाळणा होता.

"दाजी," ती म्हणाली, "ही तुळई पोकळ आसा. वाळवेन खाल्ल्यान. पाळणो हय टांगू नकात."

दाजी ओटीवरून आत आले. तिच्या हातातली खराट्याची काडी बघून त्यांचा चेहरा बदलला.

"देवीच्या माथ्यार खराट्याची काडी? तुका काय कळता की नाय?"

"देवीक मी हात लावूक नाय. लाकूड बघलंय."

"भाव पाडूचो आसा तर सरळ सांग, मथुरे. देवीक मधी आणू नको."

हे तिला लागलं. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं एकेका नारळावर बघितली, आणि आता ही किंमत.

"भाव तुमचो तसोच रवांदे," ती म्हणाली. "फकत पाळणो ओटयेर टांगा."

"देव तारी तेका कोण मारी?"

"ता खरा आसा दाजी. पण देव तारता म्हणान विहिरीचो कठडो कोण काढून ठेवणा नाय."

दाजी जास्तच चिडले. दाजींची बायको, माई, इतका वेळ दारात उभी होती. ती पुढे आली आणि जे बोलू नये ते बोलली. "देवीन दिलेला पोर देवीच्या म्होरंच निजतला. आणि ज्येच्या घरात पाळणो हलाक नाय, तेणा पाळण्याचा शिकवू नये."

गड्यांनी माना खाली घातल्या. मथुरेने हीर अंबाड्यात खोचला आणि मागच्या दाराने बाहेर पडली. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते तिने पुसलंही नाही. बाळंतिणीच्या खोलीवरून जाताना खिडकीच्या गजांतून विमलेने तिचा हात धरला. तिने सगळं ऐकलं होतं.

"काकी, खरा काय ह्या?"

"खरा."

"पण माझा कोण आयकतला?"

मथुरेला तिथूनच परत फिरता आलं असतं. आपण सांगायचं काम केलं, पुढे त्यांचं नशीब, असं म्हणून किती माणसं सुखाने झोपतात. पण विमलेच्या मांडीवर ती पोर मूठ चोखत पडली होती. मथुरेला तिच्या जागी भातुकलीची बोळकी दिसली.

"एकच कर," ती म्हणाली. "उद्या मी इल्याबिगर चेडवाक पाळण्यात घालू नको. भूक लागली म्हणान सांग, पदराखाली घे. कोण काय बोललो तरी सोडू नको."

घरी जाताना तिने खूप विचार केला. माणसं जमवून दाजींना समजवावं, तर देवीविरुद्ध कोण बोलणार? सुताराला आणावं, तर दाजी त्याला दारात उभा करणार नाहीत. भांडून काही होणार नव्हतं. ज्या घरात शास्त्रापुढे माणूस चालत नाही, तिथे शास्त्रच घेऊन जायला हवं, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिचे पाय जरा हलके झाले.

दुसऱ्या दिवशी ती नेसून-सवरून, खण-नारळ घेऊन दाजींच्या दारात हजर. बोलावणं नव्हतंच. माईचं तोंड आंबट झालं, पण बारशाला आलेल्या सवाष्णीला परत कोण पाठवतं?

माजघर बायकांनी भरलं होतं. पाळण्याला झेंडूच्या माळा, देवीला नवं वस्त्र. विमला भिंतीशी बसली होती आणि पोर पदराखाली. "आण गो तिका," असं दोनदा म्हणून झालं तरी विमला उठत नव्हती. "दूध पिता हा, माई," एवढंच म्हणत होती.

आता बारशाची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. बाळ पाळण्यात घालण्याआधी वरवंट्याला कुंची घालून त्याला पाळण्यात निजवायचं. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या," म्हणायचं, आणि मग बाळ. माईने सजवलेला वरवंटा उचलला.

"माई," मथुरा शांतपणे म्हणाली, "आणि पाटो?"

"पाटो कित्याक?"

"आमच्या मालवणच्या मावशेकडे जोडीन निजयतत. वरवंटो एकटो निजवलो तर पोराची जोड तुटता, असा म्हातारी माणसां सांगीत."

असली रीत मालवणात नव्हती, मिठबावात नव्हती, जगाच्या पाठीवर कुठे नव्हती. मथुरेची मालवणात मावशीसुद्धा नव्हती. पण ती हे इतक्या सरळ चेहऱ्याने बोलली की कोपऱ्यातली एक म्हातारी लगेच म्हणाली, "होय तर, मीय आयकलंय." अशी एक म्हातारी प्रत्येक बारशाला असतेच. माईची पंचाईत झाली. मथुरेचं ऐकावं तर कालचं बोलणं आठवत होतं, न ऐकावं तर पोरीच्या जन्माला उणीव राहायची. आणि एवढ्या वर्षांनी झालेल्या नातीसाठी माईने उभं जातंसुद्धा निजवलं असतं.

"शास्त्र रवता कामा नये," ती शेवटी म्हणाली. "आणा पाटो."

दोघी बायकांनी काळा पाटा उचलून पाळण्यात ठेवला. वर वरवंटा. पाळण्याच्या कड्या करकरल्या. मथुरेने दोरी हातात घेतली आणि सगळ्यांना उंबऱ्याच्या पलीकडे जायला सांगितलं.

"पयलो झोको उंबऱ्याभायरसून. तशीच रीत आसा. विमला, तूय ये."

बायका हसत, ढकलत बाहेर आल्या. दाजी ओटीवरून बघत होते. त्यांना संशय आला होता, पण बायकांच्या शास्त्रात पुरुषाने काय बोलावं? मथुरेने मागे वळून माणसं बघितली, पोर विमलेच्या खांद्यावर आहे हे बघितलं आणि दोरी ओढली.

"गोविंद घ्या," बायका म्हणाल्या.

पाळणा गेला आणि आला. पाळण्यावरच्या तांबड्या कापडावर पिठासारखी भुकटी पडली. कुणाच्या लक्षात आलं नाही. मथुरेच्या आलं. तिने आणखी जोरात ओढली.

"गोपाळ घ्या."

वर काहीतरी कट्टकन वाजलं. मग तुळई मधोमध वाकली, आणि पाळणा, पाटा, वरवंटा एकदम जमिनीवर आले. त्यांच्यामागून माळा आला. नारळ कोसळत राहिले, आणि शेवटचा गडगडत उंबऱ्यापाशी येऊन थांबला. शिसवी पाळण्याच्या चिरफळ्या झाल्या होत्या. वरवंटा जमिनीत रुतला होता, आणि त्याची कुंची पाट्याखाली दिसत होती.

धूळ बसल्यावर तुटलेल्या तुळईचं टोक दिसलं. वरचा गेरू तेवढा शाबूत होता, आत नुसती माती. कोपऱ्यात रोयण जशीच्या तशी होती, वरचं फूलसुद्धा हललं नव्हतं.

"देवीन राखल्यान," म्हातारी पुटपुटली. मथुरेला त्याचा राग आला नाही. राखलं असेलही. ती उंबऱ्याशीच खाली बसली.

दाजी आत आले. त्यांनी तुळईतली माती मुठीत घेतली आणि बोटांत चोळली.

"आता तू ह्या घर घेवचंस नाय," ते म्हणाले.

"घेतलंय तर," मथुरा म्हणाली. "भाव कालचोच. देवी थंयच रवात, तिका दिवो लावतलंय. पण तिच्या आणि खांबाच्या मधी चिऱ्याची भिंत घालूची लागतली. आणि त्या खोलयेत कोण निजाचा नाय."

दाजींनी मान हलवली.

पोर आता खरीच भुकेने रडायला लागली. बारसं अर्धवट राहिलं होतं, नाव ठेवायचं बाकी होतं आणि पाळणा नव्हता. कुणीतरी म्हणालं, लुगड्याची झोळी बांधू या, ओटीवरच्या वाशाला. विमलेने आपलं जुनं लुगडं आणलं. दोन बायका गाठ मारायला पुढे झाल्या.

"थांबा," माई म्हणाली.

ती मागच्या दारी गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात खराटा होता. तिने त्यातला एक हीर ओढला, पदराने पुसला आणि मथुरेच्या पुढे धरला. तिची नजर वर होत नव्हती.

"आधी बघ गो माझे बाय," ती म्हणाली. "मगे बांधूया."

मथुरा उठली. पाटावर चढून तिने वासा तीन ठिकाणी टोचला. तिन्ही वेळा हीर वाकला.

"बांधा," ती म्हणाली, आणि झोळीची पहिली गाठ माईने तिलाच मारायला लावली.